विरजणापासून सुरुवात करा: मुलांना सूक्ष्मजीवांची ओळख घरच्या घरी कशी करून द्यायची

माझी भाची साडेपाच वर्षांची असताना मी मोठ्या उत्साहाने तिला सांगितलं की तू आत्ता जे दही खातेयस ना, त्यात कोट्यवधी जिवंत बॅक्टेरिया आहेत. तिने तोंडातला घास तिथल्या तिथे थुंकला, वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मावशी, हे धुऊन दे." पुढचे दोन महिने पोरीने दह्याला हात लावला नाही. तिची काही चूक नव्हती. बॅक्टेरिया म्हटलं की तिला साबणाच्या जाहिरातीतले दात विचकणारे हिरवे राक्षस आठवायचे, आणि कोरोनाच्या काळात घरातल्या प्रत्येकाने, मीसुद्धा, "हात लावू नको, जंतू आहेत" हे तिला दिवसातून वीसदा ऐकवलेलं. म्हणजे तिची सूक्ष्मजीवांशी ओळख झाली ती थेट भीतीतूनच.

तेव्हापासून दर सुट्टीत मी सोसायटीतली पोरं जमवून हे प्रयोग करते आणि एक गोष्ट मला पक्की पटलीय, की क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपल्या घरात आपल्यासाठी राबणारे सूक्ष्मजीव दाखवायचे, त्यांच्याशी मुलांची गट्टी होऊ द्यायची, आणि मग आजार आणि हात धुणं. उलट्या क्रमाने गेलात तर मूल फक्त घाबरतं, त्याला प्रश्नच पडत नाहीत. खाली मी ज्या क्रमाने करते तसंच लिहितेय. सगळं मिळून तीन-चार आठवडे लागतात, घाई करू नका.

आधी शब्द नीट करा

आपल्याकडे 'जंतू' म्हणतात आणि लहान मुलं त्याचं हमखास 'जंत' करतात, कारण शाळेत जंताची गोळी मिळालेली असते, मग त्यांना वाटतं की हातावर पण तसलेच पांढरे किडे वळवळतायत. 'किटाणू' हा हिंदी जाहिरातींतून आलेला शब्द, त्यात 'मारायचे ते' हा अर्थ आधीच बसलाय. म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'सूक्ष्मजीव' म्हणते. चार वर्षांचं पोरही दोन दिवसात बिनचूक म्हणायला लागतं. थोड्या मोठ्या मुलांना त्यातले प्रकार सांगायचे: जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, विषाणू म्हणजे व्हायरस, बुरशी (यीस्ट हीही एक बुरशीच), आणि तळ्याच्या पाण्यात पोहणारे एकपेशीय आदिजीव. एवढं पुरे, व्याख्या पाठ करून घेऊ नका.

आकार कसा सांगायचा? "खूप छोटे" म्हणून काही उपयोग नाही, मुलांना मुंगी पण खूप छोटीच वाटते. मी मोहरीचा दाणा तळहातावर ठेवते आणि म्हणते, समज एक जिवाणू फुगवून या मोहरीएवढा केला आणि त्याच मापाने बाकी सगळं पण फुगवलं, तर तुझा एक केस नारळाएवढा जाड होईल, आणि तू स्वतः कळसूबाईपेक्षा उंच होशील. (हिशोब असा: जिवाणू साधारण 1 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोहरी 2 मिलिमीटर, म्हणजे 2000 पट. सव्वा मीटर उंचीचं मूल अडीच किलोमीटर होतं आणि कळसूबाई 1646 मीटर.) आणि विषाणू? तो बारीक रव्याच्या कणाएवढा. हे ऐकलं की पोरं आपापले केस बोटांत धरून बघत बसतात, तेव्हा समजायचं की डोक्यात काहीतरी शिरलं.

पहिला प्रयोग: दह्याच्या चार वाट्या

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा. अर्धा लिटर दूध तापवून घ्या, चार सारख्या वाट्या घ्या, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा.

पहिल्या वाटीत कोमट दूध आणि अर्धा चमचा विरजण. कोमट म्हणजे करंगळी बुडवून आरामात दहा अंक मोजता आले पाहिजेत, थर्मामीटर असेल तर 40 अंशांच्या आसपास. दुसरीत तसंच कोमट दूध पण विरजण नाही. तिसरीत थंड दूध, विरजण घालून थेट फ्रीजमध्ये. चौथीत नुकतंच उकळलेलं दूध आणि त्यात लगेच विरजण, ही वाटी मोठ्या माणसानेच करायची. विरजण फार आंबट असेल तर गरम दूध फाटू शकतं, फाटलं तर तेही वहीत लिहायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि बरेच जण हीच गाळतात. वाट्या झाकण्याआधी प्रत्येक मुलाने अंदाज लिहायचा किंवा चित्र काढायचं, कुठल्या वाटीत दही लागेल आणि का. अंदाज न लावता बघितलं तर तो प्रयोग राहत नाही, नुसतं दही होतं. मग दर दोन तासांनी वाटी हलकेच तिरकी करून बघायची, ढवळायची नाही. उन्हाळ्यात पहिली वाटी पाच-सहा तासांत लागते, थंडीत रात्रभर लागतं आणि वाटी कणकेच्या डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवावी लागते. दुसरी वाटी दूधच राहते. फ्रीजमधली पण दूधच. उकळत्या दुधातली सहसा लागत नाही.

इथे लगेच उत्तर देऊ नका, मुलांना भांडू द्या. आमच्याकडे दुसरीतला एक मुलगा म्हणाला होता, "फ्रीजमधल्यांना थंडी वाजली आणि गरमवाले भाजले." याच्यापेक्षा चांगलं मला पण सांगता आलं नसतं. मग खात्री कशी करायची? फ्रीजमधली वाटी बाहेर काढून ओट्यावर ठेवा, दुसऱ्या दिवशी तिच्यात दही लागतं! म्हणजे ते मेले नव्हते, गारठून मंदावले होते. पण उकळत्या दुधातली वाटी कितीही वेळ कोमट जागेत ठेवा, तिचं नेहमीसारखं घट्ट गोड दही होत नाही. सुस्तावणं आणि मरणं यातला फरक मुलांना एका वाटीने कळतो, आणि फ्रीज अन्न का टिकवतो पण निर्जंतुक का करत नाही हेही कळतं. विरजण नसलेली वाटी आणि ओट्यावर बराच वेळ राहिलेल्या वाट्या मात्र चाखायच्या नाहीत, फक्त वास घ्यायचा.

आठ-दहा वर्षांच्या पुढच्यांना कारण सांगा: दह्यातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणाने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दूध घट्ट होतं. म्हणून गोड दही आदल्या दिवशीचं आणि आंबट दही तीन दिवसांचं, ते आत कामच करत असतात. कुणाची आजी म्हणत असेल की हिरव्या मिरचीच्या देठांनी पण दही लागतं, तर पाचवी वाटी करा आणि बघा. आपल्या भाषेत 'उत्साहावर विरजण पडणं' म्हणजे सगळं बिघडणं, पण मला तो विरजणावर अन्यायच वाटतो. एक चमचा घातला की सकाळी भांडंभर होतं, यापेक्षा उत्साही काय असणार.

मग पीठ आणि फुगा

इडलीचं पीठ वाटलं की त्यातलं थोडं काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा आणि पातळीवर रबरबँड लावा. पिठात विरजण घातलेलं नसतं, सूक्ष्मजीव उडदावर आणि तांदळावर आधीपासूनच असतात, यावर पोरांचा पटकन विश्वास बसत नाही. सकाळी पीठ रबरबँडच्या वर चढलेलं असतं आणि काचेतून बुडबुडे दिसतात. भिंग द्या हातात, अर्धा तास कुणी हलत नाही. तो वायू कार्बन डायऑक्साइड, आणि इडलीला जाळी पडते ती त्याच्यामुळेच. गोव्याचं कुणी असेल तर सान्नांची, म्हणजे तिकडच्या इडल्यांची, गोष्ट सांगा, तिथे पीठ फुगवायला माडाची सूर (ताडीसारखा आंबलेला रस) घालायची पद्धत आहे कारण सुरेत यीस्ट असतं.

यीस्टचा प्रयोग तर तासाभरात होतो. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, दोन्हीत अर्धा कप कोमट पाणी आणि एकेक चमचा ड्राय यीस्ट, पण साखर (दोन चमचे) एकीतच. दोन्हींच्या तोंडावर फुगे ताणून बसवा, आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करून घ्या. साखरवाल्या बाटलीवरचा फुगा हळूहळू उभा राहतो. दुसरा तसाच लोंबत राहतो, त्यांना जेवायलाच मिळालं नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून करा, इनोचा ढोकळा. इनो घातल्या घातल्या पीठ फसफसतं आणि मूल म्हणतं बघ, सूक्ष्मजीव! नाही, तो सोडा आणि आम्ल यांचा खेळ, त्यात जिवंत काही नाही. मग विचारा, जिवंत फुगणं आणि रासायनिक फुगणं कसं ओळखशील? जिवंतला वेळ लागतो, खायला लागतं, ऊब लागते, आणि तो उकळला तर थांबतो. पोरांनी हे स्वतः शोधून काढलं तर फार भारी वाटतं.

टाळ्या आणि तांदूळ

वाटीभर तांदूळ घ्या. एक दाणा ठेवा. प्रत्येक टाळीला दाणे दुप्पट: 2, 4, 8, 16. दहाव्या टाळीला 1024 होतात आणि मोजता मोजता पोरं रडकुंडीला येतात, तेच हवंय. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात, म्हणजे एक टाळी म्हणजे 20 मिनिटं. दहा टाळ्या म्हणजे 3 तास 20 मिनिटं. सात तासांत, म्हणजे 21 टाळ्यांत, एकाचे 20 लाखांच्या वर. मग चमचाभर विरजणाने सकाळपर्यंत भांडं कसं भरतं हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि रात्रभर बाहेर राहिलेलं जेवण आई का टाकते हेही. हुशार पोरं विचारतात की मग अख्खी पृथ्वी का भरून जात नाही? कारण खाणं संपतं, आणि स्वतःच्याच आंबटपणात त्यांना जगणं कठीण होतं.

पावाची बुरशी, आणि त्यात माझी झालेली फजिती

पॅकेटच्या ब्रेडला बुरशी लवकर येत नाही कारण त्यात ती रोखणारी द्रव्यं असतात, म्हणून साध्या बेकरीचा लादीपाव आणा. एक तुकडा खेळून आलेल्या हातांनी चोळायचा, एक साबणाने धुतलेल्या हातांनी, एक हात न लावता चिमट्याने उचलायचा. प्रत्येकावर पाण्याचे दोन-चार थेंब, झिपच्या पिशवीत घालून बंद, वर चिकटपट्टी. ही पिशवी परत कधीच उघडायची नाही, हे आधी मुलांकडून कबूल करून घ्या. रोज बाहेरून बघायचं, चित्र काढायचं, पाच-सात दिवसांत हिरवे, काळे, पांढरे ठिपके येतात.

पहिल्या वर्षी मी प्रत्येकाचा एकेकच तुकडा ठेवला होता आणि नेमकी धुतलेल्या हातांच्या पावावर आधी बुरशी आली. तो मुलगा रडायलाच लागला, मी नीट धुतले होते म्हणून. खरं तर बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिच्या अतिबारीक बियाच म्हणा, हवेतच तरंगत असतात, ते कुठल्याही तुकड्यावर बसू शकतात. आता मी प्रत्येक प्रकारचे तीन-तीन तुकडे ठेवते आणि आधीच सांगते की एकाच तुकड्यावरून काही ठरवायचं नाही. निकाल उलटा आला तर लपवू नका, त्या दिवशी मुलं सगळ्यात जास्त विचार करतात. आणि इथेच फ्लेमिंग या शास्त्रज्ञाची गोष्ट रंगते: 1928 मध्ये लंडनमध्ये त्याच्या जिवाणूंच्या बशीत चुकून बुरशी आली आणि तिच्या आजूबाजूचे जिवाणू नाहीसे झालेले दिसले, त्यातून पेनिसिलिन हे जिवाणू मारणारं औषध आलं. बशी घाण झाली म्हणून त्याने न बघता टाकली असती तर?

डोळ्यांनी बघायचंय

हट्ट होणारच. कागदी मायक्रोस्कोप, म्हणजे फोल्डस्कोप, मुलांनी स्वतः घड्या घालून बनवायचा असतो आणि तो साधारण 140 पट मोठं दाखवतो. तो स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि त्यांच्या विद्यार्थ्याने बनवला, मनू प्रकाश मूळचे मेरठचे. शाळेतला साधा मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तमच. पण आधीच सांगून ठेवा की दह्यातले जिवाणू यात नीट दिसणार नाहीत, नाहीतर विरस होतो. दिसतील ते यीस्टचे गोळे आणि तळ्याच्या पाण्यातले आदिजीव.

त्यासाठी बरणीत तळ्याचं किंवा कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी घ्या, मूठभर वाळलेलं गवत टाका, वर कापड घट्ट बांधा (डास अंडी घालतात, हे विसरू नका) आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा. पृष्ठभागावर साय आली की तिच्याजवळचा थेंब घ्या. चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम गिरक्या घेत थेंबातून सूं करून जातो आणि पहिल्यांदा बघणारं प्रत्येक मूल ओरडतं, मी आजवर एकही गप्प बसलेलं बघितलं नाही. लेवेनहुकबद्दल तेव्हाच सांगायचं: हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी, विद्यापीठात कधी गेला नाही, स्वतः भिंगं घासायचा, आणि 1670 च्या दशकात त्याने पाण्यात आणि नंतर 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरच्या किटणात हे जीव पाहिले.

घराबाहेर

गावाला जाणार असाल तर भुईमुगाचं एक झाड अलगद उपटा, मुळं पाण्यात धुवा. मोहरीएवढ्या गाठी दिसतात, त्या मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात आणि नखाने सुटतात. (मूळच मध्येमध्ये सुजल्यासारखं दिसत असेल तर तो सूत्रकृमीचा रोग, गाठी नव्हेत.) एक गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी निघाली तर ती काम करतेय. आतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात आणि झाड त्यांना साखर देतं. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, शेंगवर्गीय पीक घेतल्यावर रान का सुधारतं ते. पहिल्या पावसाचा वासही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा असतो, म्हणजे सूक्ष्मजीव दिसत नसले तरी आपण दर जूनमध्ये त्यांचा वास घेतोच की.

दहाच्या पुढच्या मुलांना चिखलाची बाटली करून द्या. पारदर्शक बाटली, तळ्याकाठचा चिखल, त्यात वर्तमानपत्राचे कपटे, अंड्याच्या टरफलाची पूड आणि उकडलेला पिवळा बलक कालवून एक तृतीयांश भरा, वर साधा चिखल, वर दोन बोटं पाणी, झाकण सैल. उजेडात पण कडक उन्हात नाही. सर्गेई विनोग्रॅड्स्की या रशियन शास्त्रज्ञाची ही युक्ती. दीड-दोन महिन्यांत काळे, हिरवे, कधीकधी जांभळट पट्टे येतात, प्रत्येक पट्ट्यात वेगळी वस्ती. असे रंग सूक्ष्मजीव किती मोठ्या प्रमाणावर करू शकतात ते महाराष्ट्राने जून 2020 मध्ये पाहिलं, लोणारचं सरोवर अचानक गुलाबी झालं तेव्हा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि ते खारात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं सांगितलं. लोणारचे फोटो बाटलीशेजारी ठेवून दाखवा.

आता हात धुणं

एवढं झाल्यावर आजारांकडे यायचं. या वेळेपर्यंत मुलांना माहीत असतं की आपल्या अंगावर आणि पोटात मिळून साधारण 38 लाख कोटी जिवाणू राहतात आणि बहुतेक आपलं काही बिघडवत नाहीत. मग थोडे काही आजारी पाडतात हे ते न घाबरता ऐकतात.

बशीतल्या पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट लावायचं, मिरपूड पळते, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. कृपया तो जंतू पळतात म्हणून दाखवू नका. तो पृष्ठताणाचा प्रयोग आहे, जिवाणू साबणाला बघून पळत नाहीत, ते चोळून आणि पाण्याने वाहून घालवावे लागतात. त्यापेक्षा हळद घ्या. चमचाभर तेलात चिमूटभर हळद, दोन्ही हातांना चोळा, मग नुसत्या पाण्याने धुवायला सांगा. काही जात नाही. मग वडीचा साबण लावा. हळद साबणाने लाल होते हे आपल्याला कपड्यांवरच्या डागांवरून माहीत आहेच, तर जिथे नीट चोळलं नाही तिथे, नखांच्या कडेला, अंगठ्याच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत लालसर-पिवळं राहतं. वीस सेकंद का, ते मुलांना स्वतःच्या हातावर दिसतं. मोठ्या मुलांना सेमेलवाइस या डॉक्टरबद्दल सांगा, 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्याने डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. मुंबईची मुलं असतील तर हाफकिन या शास्त्रज्ञाबद्दल: 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि जानेवारी 1897 मध्ये त्याने तयार केलेली लस सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

काय करायचं नाही

संडास, फोन, नाक यांचे बोळे फिरवून जिलेटिनवर 'जंतू वाढवा' असे प्रयोग नेटवर भरपूर दिसतात. घरी करू नका. काय वाढलंय हे आपल्याला ओळखता येत नाही आणि एकाचे लाखो झालेले असतात. बुरशीच्या पिशव्या दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलांच्या खोलीत ठेवू नका. काम झालं की न उघडताच दुसऱ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. गवताचं पाणी झाडांना घाला, बरणी साबण आणि गरम पाण्याने धुवा, आणि प्रत्येक प्रयोगानंतर हात.

हमखास येणारे प्रश्न

त्यांना डोळे असतात का? नाही, पण पाण्यातले काही हिरवे आदिजीव उजेड कुठून येतो ते ओळखतात. सर्दीला अँटिबायोटिक का देत नाहीत? कारण सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतात. उकळल्यावर सगळे मरतात ना मग? हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर 'नाही' असं आहे. काही जिवाणू बीजाणू बनवून, जणू जाड गोधडी पांघरून, उकळत्या पाण्यातही तग धरतात. भातात असे असतात. भात शिजतो, हे टिकतात, आणि भात तासन् तास ओट्यावर कोमट राहिला की जागे होऊन वाढायला लागतात, वर असं विष तयार करतात की जे परत गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर गार करायचा आणि तास-दोन तासांत फ्रीजमध्ये टाकायचा. आमच्या गटातली पोरं आता रात्री जेवण झालं की घरी जाऊन आधी भाताचं पातेलं कुठे आहे ते बघतात.